स्वेश्तारीची राजसमाधी : थ्रेसियन वास्तुकला, शिल्प आणि अपूर्णतेची साक्ष

प्रास्ताविक

ज्या समाजाने स्वतःचा इतिहास स्वतः लिहून ठेवला नाही, त्याचा इतिहास बहुधा त्याच्या शेजाऱ्यांनी, आणि अनेकदा त्याच्या शत्रूंनी लिहिलेला असतो. बाल्कन द्वीपकल्पाच्या पूर्व भागात राहणाऱ्या प्राचीन थ्रेसियन लोकांच्या बाबतीत हे विशेषत्वाने खरे आहे. त्यांच्या भाषेतील मोजके कोरीव लेख उपलब्ध आहेत, तेही ग्रीक लिपीत आहेत आणि त्यांचा समाधानकारक अर्थ अद्याप लागलेला नाही. परिणामी थ्रेसियनांविषयी जे काही सांगितले जाते ते हेरोडोटस, झेनोफन, डायोडोरस, पॉसेनियस अशा ग्रीक लेखकांच्या आधारे सांगितले जाते. या लेखकांच्या दृष्टीने थ्रेसियन हे शूर, मद्यप्रिय आणि काहीसे रानटी लोक होते. त्यांच्या कलेचे मूल्यमापनही दीर्घकाळ याच चौकटीत झाले. जे सुंदर ते ग्रीक कारागिराचे आणि जे ओबडधोबड ते स्थानिकाचे, अशी ही सोयीची विभागणी होती.

ईशान्य बल्गेरियातील रझग्राद शहराच्या परिसरात, स्वेश्तारी या गावाजवळ १९८२ मध्ये उजेडात आलेली राजसमाधी या विभागणीत बसत नाही. ती पूर्णपणे ग्रीक नाही, पूर्णपणे स्थानिकही नाही, आणि तिचे काम शेवटापर्यंत गेलेलेही नाही. या तिसऱ्या वैशिष्ट्याकडे सामान्यतः दुर्दैवी योगायोग म्हणून पाहिले जाते. वस्तुतः ही अपूर्णता हाच त्या वास्तूचा सर्वांत बोलका पुरावा आहे.

‘समाधी’ या शब्दाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत राजाच्या दफनस्थानाला ‘थडगे’ म्हणता येते, तसेच ‘समाधी’ही म्हणता येते. दुसऱ्या शब्दात मृत्यूपलीकडील एका अवस्थेचा अर्थही मिसळलेला आहे. स्वेश्तारी ज्या गेटी जमातीच्या प्रदेशात येते, त्या जमातीविषयी हेरोडोटसने लिहिले आहे की, हे लोक स्वतःला मर्त्य मानत नाहीत. मरणारा मनुष्य झाल्मॉक्सिस या दैवताकडे जातो अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यामुळे येथे ‘समाधी’ हा शब्द केवळ भाषिक अलंकार ठरत नाही.

गेटी आणि त्यांचे शेजारी

गेटी ही थ्रेसियन लोकांची उत्तरेकडील शाखा. डॅन्यूब नदीच्या खालच्या खोऱ्यात, दोन्ही तीरांवर त्यांची वस्ती होती. पर्शियन सम्राट दारियस सिथियनांवर चालून गेला तेव्हा वाटेत त्याला प्रतिकार केला तो गेटींनी. या प्रसंगाच्या संदर्भात हेरोडोटस त्यांना थ्रेसियनांमधील सर्वांत शूर आणि सर्वांत न्यायी लोक म्हणतो. ग्रीक लेखकाने दिलेले हे प्रशस्तिपत्र नोंद घेण्यासारखे आहे.

इ. स. पूर्व चौथ्या शतकात गेटींचा मॅसिडोनियाशी निकटचा संबंध आला. गेटी राजा कोथेलास याने आपली कन्या मेडा हिचा विवाह दुसऱ्या फिलिपशी लावून दिला. पुढे इ. स. पूर्व ३३५ मध्ये फिलिपचा पुत्र अलेक्झांडर रातोरात डॅन्यूब ओलांडून गेटींवर चालून गेला. उभ्या पिकातून वाट काढताना त्याच्या पायदळाने लांब भाले आडवे धरून धान्याची ताटे आडवी केली, असे अरियन सांगतो. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर थ्रेस हा प्रदेश त्याचा सेनानी लिसिमाखस याच्या वाट्याला आला. इ. स. पूर्व २९२ च्या सुमारास लिसिमाखसने गेटींवर स्वारी केली. मात्र या स्वारीत तो स्वतःच गेटी राजा ड्रोमिखाइटिस याच्या हाती सापडला.

या कैदेची कथा डायोडोरसने सविस्तर दिली आहे. ड्रोमिखाइटिसने कैद्यांना हेलिस नावाच्या नगरात आणले. लोकांनी लिसिमाखसच्या वधाची मागणी केली, तेव्हा त्याने त्यांची समजूत घातली आणि मेजवानीचा बेत केला. मॅसिडोनियनांपुढे लुटीतील उंची आसने, चांदीची मेजे आणि पक्वान्ने मांडली. गेटींसाठी साध्या बैठकी, लाकडी पाट आणि साधे अन्न होते. त्यांना मद्य द्यायचे ते लाकडाच्या आणि शिंगाच्या पेल्यांतून. मग ड्रोमिखाइटिसने लिसिमाखसला विचारले की, यांपैकी कोणते भोजन त्याला राजाला शोभेसे वाटते. लिसिमाखसने आपल्याकडील भोजनाकडे बोट दाखवले. तेव्हा, एवढे वैभव सोडून दरिद्री लोकांच्या देशात येण्याचे कारण काय, असा प्रश्न त्याला ऐकावा लागला. कथेत उपदेशाचा भाग उघड आहे आणि ती जशीच्या तशी घडली असे मानण्याचे कारण नाही. साध्या राहणीच्या ‘रानटी’ माणसाने सुसंस्कृत विजिगीषूला शहाणपण शिकवावे, हा ग्रीक साहित्यातील आवडता साचा होता. परंतु एक प्रश्न शिल्लक राहतो. लाकडी पाटावर जेवणाऱ्या या राजाच्या लोकांनी जमिनीखाली बांधलेली घरे पाहिली असती, तर डायोडोरसला ही कथा इतक्या सहजपणे सांगता आली असती काय?

कारण स्वेश्तारीची समाधी याच काळातील आहे. तिचा काळ इ. स. पूर्व तिसऱ्या शतकाचा प्रारंभ असा सामान्यतः मानला जातो. समाधीपासून जवळच, आज स्बोर्यानोवो या नावाने संरक्षित असलेल्या पुरातत्त्वीय परिसरात, तटबंदीयुक्त थ्रेसियन नगराचे अवशेष मिळाले आहेत. तेच हेलिस असावे असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

वास्तुरचना

समाधी ‘गिनिना मोगिला’ या मातीच्या मोठ्या टेकाडाखाली होती. ‘मोगिला’ म्हणजे दफनाचा ढिगारा. बल्गेरियाच्या मैदानांत अशी टेकाडे हजारोंच्या संख्येने विखुरलेली आहेत. श्रीमंत थ्रेसियनांच्या अंत्यविधीचे वर्णन हेरोडोटसने केले आहे. प्रेत तीन दिवस ठेवायचे, पशू मारून मेजवानी करायची, शोक करायचा, नंतर दहन किंवा दफन करून वर मातीचे टेकाड रचायचे आणि खेळांच्या स्पर्धा भरवायच्या, असा तो क्रम आहे. हा क्रम लक्षात घेतल्यास टेकाड हा समाधीवरचा निव्वळ भराव उरत नाही, तो विधीचाच एक भाग ठरतो.

मारिया चिचिकोवा यांच्या नेतृत्वाखालील उत्खननात जी वास्तू प्रकट झाली ती चुनखडीच्या नीट घडवलेल्या चिऱ्यांची आहे. अरुंद प्रवेशमार्ग, त्यानंतर पूर्वकक्ष, एक बाजूचा कक्ष आणि मुख्य दफनकक्ष अशी तिची मांडणी आहे. तिन्ही कक्ष चौरस आहेत. प्रवेशद्वाराच्या दोन्ही बाजूंस चौकोनी स्तंभ असून वरच्या पट्टीवर बैलांची मस्तके, फुलांची चक्रे आणि माळा उठावात कोरल्या आहेत. बळी दिलेल्या पशूंची मस्तके आणि त्यांवरील माळा हे यज्ञवेदीच्या सजावटीचे ग्रीक रूप. ते येथे मृताच्या दारावर आले आहे.

मुख्य कक्षाचे छत अर्धवर्तुळाकार कमानीचे, पिंपाच्या अर्ध्या भागासारखे आहे. थ्रेसमध्ये याहून वेगळी परंपरा रूढ होती. १९४४ मध्ये सैनिकांच्या खोदकामात सापडलेल्या काझानलाक येथील प्रसिद्ध समाधीत एकेक थर आत सरकवत नेऊन मधमाशीच्या पोळ्याच्या आकाराचा घुमट साधला आहे. तेथील चित्रांनी ती जगप्रसिद्ध झाली, पण तिचा घुमट जुन्याच पद्धतीचा. स्वेश्तारीची खरी कमान मात्र मॅसिडोनियन राजघराण्याच्या समाध्यांची आठवण करून देते. १९७७ मध्ये मानोलिस अँड्रोनिकोस यांनी व्हर्जिना येथे उघड केलेली दुसऱ्या क्रमांकाची समाधी अशाच कमानी छताची आहे. ती दुसऱ्या फिलिपची की अन्य कोणाची, हा वाद अजून मिटलेला नाही. तेथील पूर्वकक्षात दफन केलेली स्त्री म्हणजे गेटी राजकन्या मेडा असावी, असेही एक मत मांडले गेले आहे. हे मत सिद्ध झालेले नाही. तरीही गेटी आणि मॅसिडोनियन राजघराण्यांत सोयरीक होती हे निश्चित. ही कमान गेटींकडे एखाद्या भटक्या कारागिराबरोबर आली असे मानण्यापेक्षा दोन दरबारांतील परिचयातून आली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

मुख्य कक्षात दोन दगडी मंचक आहेत. मोठ्या मंचकापुढे देवळाच्या दर्शनी भागासारखी दगडी रचना उभी केली असून ती दगडी फळ्यांनी बंद होत असे. म्हणजे टेकाडाच्या आत समाधी, समाधीच्या आत जणू देऊळ आणि देवळाच्या आत मृत राजा, अशी ही योजना आहे. मृताला केवळ झाकायचे असते तर मातीचा भराव पुरेसा होता. या रचनेमागे मृत राजाला दैवताच्या स्थानी बसवण्याची कल्पना दिसते.

दुसरा मंचक कोणासाठी, या प्रश्नाच्या निमित्ताने हेरोडोटसमधील एका उताऱ्याचा नेहमी उल्लेख होतो. एका थ्रेसियन जमातीत पती वारल्यावर त्याच्या बायकांत कोण अधिक प्रिय यावरून स्पर्धा लागते आणि जिची निवड होते तिला मारून पतीसोबत पुरले जाते, असे तो लिहितो. सहगमनाच्या भारतीय प्रथेशी परिचित असलेल्या वाचकाला येथे साम्य जाणवणे स्वाभाविक आहे. परंतु हा उतारा गेटींविषयीचा नाही, आणि समाधीतील अवशेषांना प्राचीन काळीच लुटारूंचा उपद्रव झालेला आहे. मंचक दोन होते एवढीच वस्तुस्थिती आहे.

दहा स्त्रीमूर्ती

या समाधीला जगात जोड नाही ती मुख्य कक्षाच्या भिंतींवरील दहा स्त्रीमूर्तींमुळे. सुमारे १.२० मीटर उंचीच्या या मूर्ती खोल उठावात कोरल्या आहेत. समोरच्या भिंतीवर चार आणि उरलेल्या बाजूच्या भिंतींवर अशी त्यांची मांडणी आहे. प्रत्येकीच्या मस्तकावर टोपलीसारखा शिरोभाग आहे, केस खांद्यांवर आले आहेत, छातीखाली पट्ट्याने बांधलेले ग्रीक धाटणीचे वस्त्र आहे आणि दोन्ही हात वर उचललेले आहेत. हातांचे पंजे शरीराच्या मानाने मोठे आहेत. कंबरेखाली मात्र वस्त्राचे वस्त्रपण संपते. त्याच्या घड्या पाकळ्यांसारख्या वळतात आणि स्त्रीच्या जागी उमलणाऱ्या वनस्पतीचा आकार दिसू लागतो. तपकिरी, निळ्या, तांबड्या, जांभळट रंगांचे अवशेष सांगतात की, या मूर्ती मूळच्या रंगीत होत्या.

स्थापत्यात स्तंभाऐवजी भार वाहणाऱ्या स्त्रीमूर्तीला कॅरिॲटिड म्हणतात. अथेन्सच्या इरेक्थिऑन मंदिराच्या सज्जातील सहा मूर्ती हे तिचे सुप्रसिद्ध उदाहरण. पर्शियनांशी हातमिळवणी केलेल्या कॅरिए गावच्या स्त्रियांना कायमचे ओझे वाहण्याची शिक्षा म्हणून हा प्रकार निघाला, असा खुलासा रोमन लेखक व्हिट्रुव्हियसने केला आहे. तो खरा असो वा नसो, अथेन्सच्या मूर्ती खरोखर भार वाहतात, आणि तो डोक्यावर, हात न लावता, डौलाने वाहतात. स्वेश्तारीच्या मूर्तींचे उलट आहे. त्या दोन्ही हात उंचावून भार तोलण्याचा आविर्भाव करतात, पण छताचा भार भिंती वाहतात. मूर्ती काढून टाकल्या तरी कमान जागेवर राहील.

मग त्या तेथे कशासाठी आहेत? उंचावलेले हात हे आधार देणाऱ्याचे असू शकतात, तसेच ते विलाप करणाऱ्या स्त्रीचे किंवा प्रार्थना करणाऱ्या उपासिकेचेही असू शकतात. कंबरेखाली वेलीत रूपांतरित होणारी स्त्री हे रूप काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील कलेतही आढळते. सिथियनांच्या मूळपुरुषाची माता कंबरेखाली सर्पदेही होती, ही कथाही हेरोडोटसनेच नोंदवली आहे. भूमीतून उगवणारी, मृताला सामावून घेणारी आणि पुन्हा जन्म देणारी मातृदेवता या मूर्तींमागे असावी असा निष्कर्ष बहुतेक अभ्यासक काढतात. तो स्वीकारार्ह आहे. मात्र दहा या संख्येत पायथागोरस अथवा ऑर्फिक गूढवाद शोधणाऱ्या विवेचनांना पुराव्याचे पाठबळ फारसे नाही. बल्गेरियन विद्वत्तेत अलेक्झांडर फोल यांच्या प्रभावामुळे ‘थ्रेसियन ऑर्फिझम’ची कल्पना दीर्घकाळ प्रतिष्ठित राहिली. तिचा उपयोग जपूनच करावा लागतो.

झाल्मॉक्सिसविषयीची एक कथा येथे अधिक उपयोगी पडते. काळ्या समुद्रावरील ग्रीकांनी हेरोडोटसला सांगितले की, झाल्मॉक्सिसने भूमिगत दालन बांधले, तो त्यात उतरून तीन वर्षे राहिला, लोकांनी त्याला मृत समजून शोक केला आणि चौथ्या वर्षी तो पुन्हा प्रकट झाला. ग्रीकांनी ही कथा फसवणुकीची म्हणून सांगितली, आणि हेरोडोटसलाही तिची खात्री वाटली नाही. मराठी वाचकाला येथे संजीवन समाधीची कल्पना आठवेल. पण त्या कल्पनेत परत येणे नाही. गेटींसाठी भूमिगत दालन हे मृत्यूचे नव्हे तर पुनरागमनाचे स्थान होते, एवढे या कथेवरून म्हणता येते. अशा दालनात भिंतीतून उगवत असलेल्या दहा स्त्रिया केवळ सजावट म्हणून कोरल्या गेल्या असण्याची शक्यता कमी आहे.

अपूर्णतेची साक्ष

समोरच्या भिंतीवर, मूर्तींच्या वर, कमानीखालच्या अर्धवर्तुळाकार जागेत एक चित्र आहे. मध्यभागी एक देवी घोड्यावर बसलेल्या पुरुषाला पुष्पमुकुट अर्पण करीत आहे. तिच्या मागे भेटवस्तू घेतलेल्या स्त्रिया आहेत आणि अश्वारूढ पुरुषामागे त्याचे सेवक आहेत. राजाच्या दैवतीकरणाचा हा प्रसंग आहे, याविषयी मतभेद नाही. पण हे चित्र रंगवलेले नाही, त्याच्या केवळ काळ्या रेषा आहेत. कलावंताने आखणी केली आणि रंग भरण्यापूर्वी काम थांबले. मूर्तींमध्येही काहींचे चेहरे आणि केस बारकाईने घडवलेले आहेत, तर काहींवर शेवटचा हात फिरलेला नाही.

राजा अकाली वारला आणि काम अर्धवट ठेवून दफन करावे लागले, हे स्पष्टीकरण सर्वमान्य आहे. तो राजा ड्रोमिखाइटिस होता असेही सुचवले जाते. लिसिमाखसने तहात आपली कन्या ड्रोमिखाइटिसला दिली असे पॉसेनियस लिहितो. म्हणून दुसरा मंचक तिचा, अशीही एक जोडणी केली जाते. काळ जुळतो, स्थळही जुळण्यासारखे आहे. पण समाधीत कोणाचेही नाव नाही. कथा आकर्षक आहे म्हणून ती इतिहास होत नाही.

नावापेक्षा महत्त्वाची आहे ती कामाची स्थिती. पूर्ण झालेली कलाकृती फक्त परिणाम दाखवते, अर्धवट राहिलेली कलाकृती कामाचा क्रम दाखवते. येथे बांधकाम पूर्ण आहे, मंचक आणि त्यापुढील देवळाची रचना उभी आहे, दहाही मूर्ती आपापल्या जागी आहेत. मागे राहिले ते चेहऱ्यांचे सफाईकाम आणि चित्रातील रंग. याचा अर्थ विधीसाठी जे अपरिहार्य होते ते झाले होते, आणि जे पाहणाऱ्यासाठी होते ते राहिले. एकदा दार बंद झाल्यावर पाहणारा कोणी असणारच नव्हता. गेटींना ग्रीक कला ‘जमली नाही’ असा निष्कर्ष मूर्तींच्या असमान घडणीवरून काढणाऱ्यांनी ही बाब विचारात घेतलेली नाही. एकाच दालनात सफाईदार आणि ओबडधोबड मूर्ती शेजारी शेजारी असतील, तर फरक संस्कृतींचा नसून उरलेल्या दिवसांचा आणि निरनिराळ्या हातांचाही असू शकतो.

वारशावरील हक्क

समाधीच्या शोधाचा काळही तटस्थ नव्हता. १९८१ मध्ये बल्गेरियाने राज्यस्थापनेची १३०० वर्षे मोठ्या थाटाने साजरी केली होती. थ्रेसियन हे बल्गेरियन राष्ट्राच्या मुळाशी असलेले पूर्वज, ही मांडणी त्या वेळी राजकीय आश्रयाने बळावली होती. १९८५ मध्ये युनेस्कोने स्वेश्तारीच्या समाधीला जागतिक वारसा यादीत स्थान दिले. आणि त्याच सुमारास, १९८४-८५ च्या हिवाळ्यात, बल्गेरियन सरकारने तुर्की मुस्लिम नागरिकांची नावे सक्तीने बदलून त्यांना स्लाव्ह नावे दिली. रझग्रादच्या परिसरात या समाजाची वस्ती मोठी आहे. ज्या भूमीतील सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या अनामिक राजाला राष्ट्राचा पूर्वज म्हणून गौरवले गेले, त्याच भूमीतील जिवंत माणसांना स्वतःचे नाव ठेवण्याची मुभा नव्हती. पुरातत्त्वाच्या ग्रंथांत या दोन घटना एकत्र येत नाहीत, परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्या वेगळ्या ठेवता येत नाहीत.

स्बोर्यानोवोची भूमी स्वतः मात्र असा भेद मानत नाही. तेथे झऱ्याकाठी देमीर बाबा या मुस्लिम संताचा दर्गा आहे. तो उभा आहे तेथेच प्राचीन थ्रेसियन पूजास्थान होते. आजही तेथे मुस्लिमांबरोबर ख्रिस्ती भाविक येतात, नवस बोलतात आणि झऱ्याचे पाणी घेऊन जातात.

तटबंदीचे नगर इ. स. पूर्व तिसऱ्या शतकाच्या मध्यास भूकंपाने उद्ध्वस्त झाले. समाधीचे चिरेही हलले. आज तिच्यावर संरक्षक इमारत आहे. परिसरातील शंभरावर टेकाडांपैकी काहींचे उत्खनन झाले आहे. २०१२ मध्ये डायना गेर्गोवा यांच्या चमूला ओमुर्ताग नावाच्या टेकाडात सोन्याच्या वस्तूंचा साठा मिळाला. सर्पिल कंकणे, प्राण्यांच्या आकृतींनी सजलेला शिरपट्टा, घोड्याच्या मस्तकाचा अलंकार आणि घोड्याच्या साजाचे भाग त्यात होते. हा साठा एका लाकडी पेटीत घालून टेकाडाच्या मातीत ठेवलेला होता. गिनिना मोगिलाच्या दहा स्त्रिया ज्या राजासाठी कोरल्या गेल्या त्याच्या काळाच्या आसपासच, इ. स. पूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस किंवा तिसऱ्याच्या प्रारंभी, ते सोने तेथे पुरले गेले होते.